बीजांडकोशातील गाठी : भय आणि वस्तुस्थिती

सोनोग्राफीच्या अहवालात बीजांडकोशातील गाठीचा उल्लेख वाचताच कुटुंबात कर्करोगाची शंका बळावते. परंतु तारुण्यात आढळणाऱ्या बहुतेक गाठी म्हणजे द्रवाने भरलेल्या, पातळ आवरणाच्या निरुपद्रवी पिशव्या असून, ज्या पुटकात स्त्रीबीज परिपक्व होते ते न फुटता वाढत राहिले, अथवा फुटून पुन्हा मिटले व त्यात द्रव साचला, की त्या उत्पन्न होतात. दोन-तीन ऋतुचक्रांत त्या बहुधा आपोआप विरत असल्यामुळे, काही आठवड्यांनी फेरतपासणी करणे हाच त्यांवरील पहिला इलाज होय.

केस वा दातही आढळणारी डर्मॉइड गाठ, किंवा जुने रक्त साचून झालेली चॉकलेट गाठ मात्र अशी विरत नाही. ती मोठी अथवा त्रासदायक असल्यास, शक्य तेथे बीजांडकोश राखून, दुर्बिणीद्वारे काढली जाते. १८०९ साली केंटकीत डॉ. एफ्रेम मॅक्डॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या स्त्रीची प्रचंड गाठ भूल न देता काढली होती. आज ती यातना कोणासही सोसावी लागत नाही.

रजोनिवृत्तीनंतरच्या गाठीची मात्र रक्ततपासणीसह कसून छाननी व्हावी. आणि ओटीपोटात एका बाजूस एकाएकी तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्यास, बीजांडकोशास पीळ पडल्याचा संभव ध्यानी घेऊन, यत्किंचितही दिरंगाई न करता रुग्णालय गाठावे.