दीक्षित डाएट, कीटो की खिशातलं केळं? लांब पल्ल्याच्या सायकलिंगला शरीर नेमकं काय मागतं?

18 जुलै 2013. टूर द फ्रान्सचा 18वा टप्पा. त्या दिवशी आल्प द्युएझचा प्रसिद्ध घाट एकदा नाही, दोनदा चढायचा होता. पिवळी जर्सी घातलेला ख्रिस फ्रूम दुसऱ्या चढावर शेवटच्या काही किलोमीटरमध्ये अचानक मंदावला आणि हात वर करून मदत मागू लागला. सहकारी रिची पोर्टने टीमच्या गाडीतून साखरेचं जेल आणून दिलं. टप्प्याच्या शेवटी असं खाणं घ्यायला बंदी असल्यामुळे दोघांनाही 20 सेकंदांचा दंड झाला.

जगातल्या सर्वांत तंदुरुस्त माणसांपैकी एक, पाठीशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांची फौज, तरीही गडी अडला तो साध्या साखरेवाचून.

आता आपल्याकडे या. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतले शेकडो हौशी सायकलस्वार दरवर्षी बीआरएम करतात. यातली सर्वांत छोटी राईड 200 किलोमीटरची, वेळ साडेतेरा तास. यातले बरेच जण सायकलिंगकडे वळतात ते वजन कमी करायला. त्यामुळे सायकल आणि डाएट एकाच महिन्यात सुरू होतं. कोणी दोनच वेळा जेवतं, कोणी कीटो करतं, कोणी 16 तास उपाशी राहतं. मग सायकलिंगच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा तरी वाद रंगतोच: राईडमध्ये खायचं की नाही?

आधी समजून घेऊ, 'बाँक' म्हणजे काय?

फ्रूमचं जे झालं त्याला सायकलस्वार 'बाँक होणं' म्हणतात. पाय जड होतात, घाम थंड लागतो, हात थरथरतात, चिडचिड होते, साधा रस्ताही नीट कळेनासा होतो.

कारण सरळ आहे. शरीरात इंधनाच्या दोन टाक्या असतात. एक चरबीची. 10 किलो चरबी असलेल्या माणसाकडे साधारण 77 हजार कॅलरी साठवलेल्या असतात, म्हणजे कित्येक दिवसांचं इंधन. दुसरी टाकी ग्लायकोजेनची. पोळी, भात, फळं, साखर यांतली कर्बोदकं स्नायूंमध्ये आणि यकृतात या रूपात साठतात. ही टाकी छोटी असते. दोन्ही मिळून साधारण 400 ते 600 ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी.

200 किलोमीटरच्या राईडला किती लागतात? तासाला 400 ते 600 कॅलरी धरल्या तरी दहा तासांत चार ते सहा हजार. त्यातला काही भाग चरबी भागवते. पण चढ आला, वेग वाढला की शरीर ग्लायकोजेनकडे वळतं. जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासांत ही टाकी तळाला जाते. मेंदूही मुख्यत: ग्लुकोजवर चालतो. म्हणूनच बाँक झालेला माणूस नुसता थकत नाही, तो गोंधळतो. आणि शेजारून ट्रक जात असताना हायवेवर गोंधळणं परवडत नाही.

पण मग दीक्षित डाएटवाल्यांचं वजन कमी झालंच ना?

झालं, अनेकांचं झालं. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोहोचवलेली ही पद्धत सोपी आहे. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचं आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्यामागचा तर्क असा की दरवेळी खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. दुसरीकडे ऋजुता दिवेकर 'थोडं-थोडं, आपलं पारंपरिक खा' असं सांगत होत्या. दीक्षित की दिवेकर, हा वाद महाराष्ट्रात घरोघरी झाला.

पण या सल्ल्यात व्यायाम आहे तो 45 मिनिटं चालण्याचा. दहा तास पेडल मारणाऱ्यासाठी तो बनलेलाच नाही. आणि मुख्य मुद्दा हा की सायकल चालवताना इन्सुलिनचं गणितच बदलतं.

खुर्चीत बसून केळं खाल्लं तर त्यातली साखर पेशींत ढकलायला इन्सुलिन लागतं. व्यायाम सुरू असताना मात्र शरीर इन्सुलिनचं प्रमाण खाली ठेवतं. आकुंचन पावणारे स्नायू रक्तातली साखर बऱ्याच अंशी स्वत:च ओढून घेतात. म्हणजे तेच केळं सोफ्यावर आणि सॅडलवर वेगळं वागतं. ग्रुपवरच्या वादात दोन्ही बाजू बरोबर का वाटतात, त्याचं उत्तर इथे आहे. एक बाजू बसलेल्या शरीराबद्दल बोलत असते, दुसरी चालत्या.

कीटोचं काय? चरबीची टाकी तर मोठी आहे!

हा दावा तर्काला धरून आहे आणि तो नीट तपासलाही गेलाय. 1983 मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे कीटो आहार दिला. मध्यम गतीने ते किती वेळ टिकतात, यात सरासरीत फार फरक पडला नाही. कीटोचे समर्थक आजही हा अभ्यास दाखवतात.

पण 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या टीमने जागतिक दर्जाच्या रेस-वॉकर्सवर, म्हणजे वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर प्रयोग केला. साधारण तीन आठवडे सगळ्यांचं ट्रेनिंग सारखंच, आहार वेगळा. कर्बोदकं खाणाऱ्यांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली. कीटोवाल्यांचं शरीर चरबी जास्त जाळू लागलं, पण त्यांची वेळ सुधारली नाही. कारण तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला जास्त ऑक्सिजन लागतो. नंतर हा प्रयोग पुन्हा केला, निकाल तोच आला.

दक्षिण आफ्रिकेत 2006 च्या एका अभ्यासात सायकलपटूंची 100 किलोमीटरची चाचणी घेतली होती. जास्त चरबीच्या आहारानंतर एकूण वेळेत मोठा फरक नव्हता, पण मधल्या एक किलोमीटरच्या स्प्रिंटमध्ये ताकद कमी पडली. थोडक्यात, सपाट रस्त्यावर रमतगमत जायचं तर कीटोवर भागू शकतं. घाट आला की अडचण.

मग तासाला किती खायचं?

– एक तासापर्यंतची राईड: पाणी पुरेसं. सोसायटीभोवती 40 मिनिटं फिरून एनर्जी ड्रिंक पिण्याची गरज नाही.
– एक ते अडीच तास: तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं.
– अडीच तासांपेक्षा जास्त: तासाला 60 ते 90 ग्रॅम, पण सवय केल्यावर. आजचे व्यावसायिक खेळाडू 100 ते 120 पर्यंत जातात.

60 च्या वर जायचं तर एक मेख आहे. आतड्यातून ग्लुकोज शोषणारा मार्ग तासाला 60 ग्रॅमच्या आसपास भरून जातो. फ्रुक्टोज वेगळ्या मार्गाने जातं, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्यास जास्त पचतं. त्यासाठी महागडं जेलच हवं असं नाही. साध्या साखरेत आणि गुळात दोन्ही असतात.

एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात, उकडलेल्या मध्यम बटाट्यातही जवळपास तेवढीच. त्याला मीठ लावलं की सोडियमही मिळतं. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गुळपोळी, बाटलीत लिंबू-साखर-मीठ हे सगळं चालतं. ओआरएसच्या एक लिटरमध्ये मात्र साखर 13.5 ग्रॅमच असते. ते क्षारांसाठी घ्या, इंधन म्हणून त्यावर विसंबू नका. वडापाव आणि मिसळ तेलकट असल्याने पोटात रेंगाळतात, त्यामुळे शक्यतो राईड संपल्यावर.

भूक लागायची वाट पाहू नका. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच सुरुवात करा. आणि हे पहिल्यांदा बीआरएमच्या दिवशी नको, रविवारच्या राईडला करून बघा. पोटालाही सराव लागतो.

एक राईड कशीबशी निभावली, म्हणून काय बिघडलं?

एका राईडने फार बिघडत नाही. रोजच्या तुटीने बिघडतं. व्यायाम वाढवायचा, खाणं कमी ठेवायचं, असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर खर्च कापायला लागतं. याला 'रेड-एस' म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये हे नाव पुढे आणलं. मासिक पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटणं, सारखं आजारी पडणं, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं ही त्याची लक्षणं. सायकलिंगमध्ये हाडांवर फारसा भार पडत नाही, त्यामुळे सायकलस्वारांच्या हाडांना धोका आणखी जास्त.

2025 मध्ये पोलीन फेरान-प्रेव्हो महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. त्यासाठी चार किलो वजन कमी केल्याचं आणि ते शंभर टक्के आरोग्यदायी नसल्याचं तिनेच मोकळेपणाने सांगितलं. तिच्यामागे टीम होती आणि उतरलेलं वजन पुन्हा वाढवण्याचा बेतही होता. तरीही हे पाहून तरुण मुली काय शिकतील, यावर खेळात मोठी चर्चा झाली. आपल्यामागे तर फक्त एक रील असते.

मग वजन कमी करायचंच नाही का?

जरूर करा, पण सायकलवर बसून नाही. तूट ठेवायची तर ती आरामाच्या दिवशी, थोडी-थोडी. तासाभराची सावकाश राईड रिकाम्या पोटी केली तरी निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. लांब राईडच्या आदल्या रात्री मात्र भात-पोळी टाळू नका, राईडमध्ये खा आणि संपल्यावर नीट जेवा.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर लांब राईड किंवा नवं डाएट सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. दोन्ही एकदम केल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. पाळी चुकत असेल तर तेही 'फिटनेसमुळे होतं' म्हणून सोडून देऊ नका.

आणि पुढच्या राईडला कोणी म्हणालं, 'मी डाएटवर आहे, काही खाणार नाही', तर वाद घालत बसू नका. खिशात एक केळं जास्त ठेवा. 140व्या किलोमीटरला तो स्वत:च मागेल.