अधांतरी पेन्सिल शिकवते पंपाचं बेअरिंग

भोवरा, भिंगरी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पोरांना नवी नाही. पण फिरता भोवरा थांबतो का, असं विचारलं तर मोठी माणसंसुद्धा ‘दम संपला’ म्हणून मोकळी होतात. खरं कारण घर्षण. भोवऱ्याची आर जमिनीला घासते, अंगाला हवा अडते, त्यात जोर खर्ची पडतो. विहिरीवरच्या पंपात हेच घर्षण आपली वीज खातं.

ते डोळ्यांना दाखवणारं एक स्वस्त खेळणं आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात ते लोकप्रिय केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

साहित्य असं : झिजलेली रबरी चप्पल, मधे भोक असलेली सहा सारखी काळी चुंबकं, पेन्सिल आणि जुन्या सीडीचा तुकडा. कल्याण-डोंबिवलीला गेलात तर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात चुंबकं विचारा.

सहाही चुंबकं एकावर एक चिकटू द्या आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला खडूची खूण करा. चपलेच्या तुकड्यात चिरा पाडून चार चुंबकं उभी बसवा, दोन पुढे, दोन मागे. उरलेली दोन तेवढ्याच अंतरावर पेन्सिलीत घट्ट बसवा. सैल असतील तर कागद गुंडाळा. सगळ्या खुणा टोकाकडे हव्यात. टोकासमोर सीडीचा तुकडा उभा खोचा. पेन्सिलीची चुंबकं खालच्या चुंबकांपेक्षा किंचित पुढे आली, की पेन्सिल अधांतरी तरंगते आणि फक्त टोक सीडीला टेकतं. बोटांनी फिरवा, बराच वेळ फिरत राहील.

टोक तरी का टेकवायचं? नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरं चुंबक अधांतरी स्थिर राहू शकत नाही, हे इंग्लंडच्या सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ सालीच गणितानं दाखवून दिलं. एक टेकू लागतोच.

ही युक्ती आपल्या घरातही येऊन गेली आहे. फिरत्या चकतीच्या जुन्या वीजमीटरपैकी बऱ्याच मीटरांत चकतीचा भार चुंबकावर तोललेला असे. त्यामुळे टेकू झिजत नसे.

आता पंपाकडे वळू. बेअरिंग खराब झालं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, शेवटी जळते. विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकचा शाफ्ट हातानं फिरवून पाहा. खरखर लागली किंवा अडकला तर मेकॅनिकला दाखवा. ग्रीस मापातच भरा, ठासून भरलं तर बेअरिंग उलट तापतं. मात्र हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढाच. ऑटो स्टार्टर असेल तर लाइट येताच पंप आपोआप सुरू होतो आणि हात जायला क्षण पुरतो.

खेळण्यातही एक जोखीम आहे. चुंबकं लहान पोरांच्या हाती देऊ नका. दोन गिळली गेली तर पोटात एकमेकांना ओढून आतडं चिमटतात, त्याला भोक पडतं. तसं झाल्यास थेट दवाखाना गाठा.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला गुरुजींनी हे खेळणं पोरांकडून करून घ्यावं. ग्रामसेवकांनी त्या दिवशी पंपधारक शेतकऱ्यांनाही शाळेत बोलवावं. पोरांनी पेन्सिल फिरवावी, बापांनी बेअरिंग समजून घ्यावं.