संभाव्य भरपाई आणि लोककल्याण

एखाद्या धरणाचा लाभ त्याच्या खर्चाहून अधिक आहे असे सरकारी अहवालात नमूद झाले, म्हणजे नुकसान सोसणाऱ्यांना पुरेपूर मोबदला मिळून सर्वांचेच कल्याण साधेल, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती स्वाभाविकही आहे; परंतु लाभ-व्यय विश्लेषण (योजनेचे फायदे-तोटे पैशांत मोजण्याची रीत) ज्या कसोटीवर उभे आहे, ती असे आश्वासन मुळी देतच नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ साली मांडलेल्या या कसोटीनुसार, लाभार्थींना इतरांची भरपाई करूनही काही शिल्लक उरणे शक्य असले, की योजना ग्राह्य ठरते; ती भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, अशी अट तीत नाही. वडिलोपार्जित वाडा ताब्यात घेऊन, 'तुझा हिस्सा देण्याची ऐपत मला आहे' एवढेच धाकट्यास सांगणाऱ्या थोरल्या भावाची वाटणी याच जातीची होय.

लोक किती देतील वा घेतील यावरून फायद्या-तोट्यांचे मोल ठरवण्याचे गृहीतक तर याहून नाजूक आहे. नदी निर्मळ राखण्यासाठी काय द्याल, असे गरीब मच्छीमारास विचारले, तर त्याचे उत्तर त्याच्या मिळकतीपुरतेच राहते. नदीची निर्मळता गमावण्यासाठी काय घ्याल, असे विचारताच आकडा बहुधा कितीतरी फुगतो. यांपैकी कोणता प्रश्न विचारावा, हे नदीवर मूळ हक्क कोणाचा यावर अवलंबून असल्यामुळे, तटस्थ भासणाऱ्या हिशेबात मालकीचा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो.