हिशेबपट्टीची भाषा आणि तिचा कंपायलर

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, आणि तो लिहिणे हे बराच काळ मोठ्या प्रयोगशाळांचेच काम मानले जाई. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये सिद्ध केलेल्या फोरट्रानच्या पहिल्या कंपायलरला सुमारे १८ मनुष्यवर्षे लागली, म्हणजे एकट्याने तो करायला घेतला असता तर त्याची निम्मी नोकरी त्यातच सरली असती. पुढे १९६० च्या अल्गोल अहवालाने भाषेचे व्याकरण काटेकोर नियमांत मांडण्याची रीत रूढ केली (ही रीत पाणिनीच्या पद्धतीशी इतकी जुळते, की १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले होते), आणि त्या नियमांवरून मजकूर कसा वाचावा याचे शास्त्र तयार झाले. त्यामुळे लहान भाषेपुरता कंपायलर आज एखादा हौशी माणूस फावल्या वेळात, साध्या लॅपटॉपवर लिहू शकतो.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा मुंबईच्या आयआयटीत दिसते. तेथील डी. एम. ढमढेरे यांनी कंपायलर-रचनेवर भारतीय विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले, आणि उदय खेडकर यांच्यासह १९९४ मध्ये डेटाफ्लो विश्लेषणाचा, म्हणजे प्रोग्राममधील किमती कोठून कोठे वाहतात आणि त्यामुळे कोणती आकडेमोड वाचवता येते हे शोधण्याच्या पद्धतीचा, एक व्यापक सिद्धांत मांडला. खेडकर यांनी पुढे जीसीसी या लक्षावधी ओळींच्या मुक्त कंपायलरची अंतर्रचना शिकवण्याचे कामही तेथेच उभे केले. छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याने मात्र तिकडे वळण्याची घाई करू नये, कारण कमी वेळात चालणारी आज्ञावली ही नंतरची गोष्ट आहे आणि बरोबर उत्तर देणारी आज्ञावली ही पहिली.

त्यासाठी भाषा जितकी चिमुकली घ्यावी तितके बरे. यवतमाळ जिल्ह्यात, अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी कापूस विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते, आणि तेवढा हिशेब मांडता येईल इतकीच भाषा कल्पावी. समजा ८ क्विंटल कापूस, ७,००० रुपये दर, ३५० रुपये हमाली आणि १२० रुपये तोलाई आहे; तर या भाषेतील ओळ अशी होईल: शेतकऱ्याचे_येणे = ८ * ७००० - ३५० - १२०. ही एक ओळ वाचण्यापासून यंत्राकडून उत्तर काढून घेण्यापर्यंतची वाट आधी पुरी करावी आणि जर-तर, पुनरावृत्ती वगैरे सोयी मागाहून एकेक वाढवाव्यात. पहिला टप्पा सर्वांगपूर्ण करून मगच दुसऱ्याकडे जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांचे कंपायलर बहुधा पहिल्याच टप्प्यात पडून राहतात.

पहिल्या टप्प्याला लेक्सर म्हणतात, आणि तो मजकुराचे टोकन, म्हणजे नाव, संख्या, चिन्ह असे सुटे अर्थपूर्ण तुकडे पाडतो. इंग्रजी पुस्तकांत हे काम दोन पानांत उरकलेले असते, कारण तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट हा हिशेब बहुतेक चालून जातो. देवनागरीत तो पहिल्याच शब्दाला मोडतो. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दात डोळ्याला पाच अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने मात्रा, हलन्त धरून त्यात दहा चिन्हे असतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे संगणकात तो तीस बाइटांचा होतो. त्यातही ‘ऱ्या’ ही खास मराठी अडचण आहे. या जोडाक्षरातील र एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, साध्या र खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, पण बाइट तेवढे ताडून पाहणारा कंपायलर त्यांना तीन वेगळी नावे समजतो, आणि वर येणे लिहिलेले असताना खाली ‘असे नाव नाही’ म्हणून अडून बसतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे होत नाही. पायथनची तिसरी आवृत्ती देवनागरी नावे स्वीकारते, पण नावात ते अदृश्य चिन्ह आले की चूक दाखवून थांबते. मराठी भाषेसाठी लिहिलेल्या लेक्सरने मात्र तिसरे रूप स्वतःहून पहिल्यात बदलून घेणेच रास्त ठरेल, कारण हे रूप बोटांनी निवडलेले नसून कळफलकाने दिलेले असते.

टोकन हाती आले की पार्सर त्यांतून वाक्याचे झाड बांधतो: गुणाकार वजाबाकीच्या आधी करायचा असल्यामुळे तो झाडात खालच्या फांदीवर बसतो आणि वजाबाकी त्याच्या वर. येथे नवख्याच्या हातून हमखास होणारी चूक उजवीकडून बांधणीची आहे. ‘राशी म्हणजे एक संख्या, किंवा संख्या, वजाचिन्ह आणि पुन्हा राशी’ असा नियम लिहायला सोपा वाटतो, पण त्याने ३५० - १२० हा भाग आधी एकत्र येतो आणि ५६,००० मधून २३० च वजा होऊन उत्तर ५५,७७० निघते. खरे येणे ५५,५३० आहे. शेतकऱ्याच्या पदरात २४० रुपये जास्त पडत असले तरी ही चूकच, आणि ती सापडायला कठीण, कारण एकच वजाबाकी असलेल्या प्रत्येक चाचणीत ती लपून राहते. उपाय असा की डाव्या बाजूचे उत्तर हाती ठेवून पुढचे वजाचिन्ह दिसेल तोवर फेऱ्या माराव्यात.

आज्ञा तयार करण्याचा टप्पा दिसतो तितका भयंकर नसतो. झाडाची पाने आधी आणि फांदी नंतर अशा क्रमाने गेल्यास ८, ७०००, गुणा, ३५०, वजा, १२०, वजा ही ओळ आपोआप मिळते, आणि संख्या एकावर एक रचून वरच्या दोन उचलणाऱ्या कोणत्याही यंत्राला ती चालते. प्रत्यक्ष प्रोसेसरच्या आज्ञा लिहायच्या नसल्यास सी भाषेतील मजकूर काढून उरलेले काम जीसीसीवर सोपवावे; त्यात कमीपणा काहीच नाही, सी++ चा १९८३ च्या सुमाराचा पहिला कंपायलर सीफ्रंट हेच करत असे.

खरा कस लागतो तो चुकलेली ओळ आल्यावर. कोणी ‘शेतकऱ्याचे_येणे = ८ * - ३५०’ असे लिहिले, तर दुसरी संख्या कोठे अपेक्षित होती हे सांगावे लागते, आणि चुकीच्या जागेखाली बाण छापण्याची रूढ पद्धत येथे पुन्हा त्याच तीस बाइटांवर येऊन आदळते: बाइट मोजून सरकवलेला बाण ओळ संपून कितीतरी पुढे, रिकाम्या जागी जाऊन उभा राहतो, आणि चिन्हे मोजली तरी तो पाचसहा घरे चुकतोच. जोडाक्षराची रुंदी टर्मिनलगणिक आणि फॉन्टगणिक बदलत असल्याने यावर नेमका तोडगा निघत नाही. म्हणून सुरुवातीच्या कंपायलरने बाणाचा नाद सोडून ओळीचा क्रमांक आणि अडलेले टोकन जसेच्या तसे अवतरणात छापावे: ‘ओळ १: * नंतर संख्या हवी होती, - सापडले.’