शिबिराचे प्रमाणपत्र आणि प्रवेशाची रांग



गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. गोरेगावच्या शिवारात हळद शिजवण्याचे काम जोरात चालू होते. मी एका आखाड्यावर गेलो होतो तो हळदीचा ओलावा पाहायला. पण घरधन्याने हळदीचा विषय बाजूला ठेवला आणि खिशातून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढले. शहरातल्या एका संस्थेचे ते पत्रक होते. उन्हाळी सुट्टीत दहा दिवसांचे नेतृत्व विकास शिबिर, फी अठरा हजार रुपये, राहणे-जेवण त्यातच. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘महाविद्यालयीन प्रवेशासाठी उपयुक्त प्रमाणपत्र मिळेल.’

त्यांची मुलगी नुकतीच अकरावीची परीक्षा देऊन घरी आलेली. ते म्हणाले, “साहेब, दीड-दोन क्विंटल हळद आत्ताच मोडावी लागंल. भाव पडेल आहे, तरी लेकराचं भलं होत असंल तर मोडतो. तुम्ही शिकलेले माणूस. सांगा, भरू का पैसे?”

पलीकडून त्यांची कारभारीण म्हणाली, “भाऊ, माझी शाळा सातवीत सुटली. हिचं तसं होऊ नये, एवढंच बघा.”

असा प्रश्न आला की हसण्यावारी नेता येत नाही. दोन क्विंटल हळदीमागे नऊ महिन्यांची राबणूक असते. म्हणून त्या दिवशी त्यांना जे सांगितले, तेच आज तुम्हा सर्वांना सांगतो.

प्रवेश कशावर मिळतो?

आधी रांग कशी लागते ते पाहू. आपल्या राज्यात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवी यांच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी द्यावी लागते. डॉक्टर व्हायचे तर देशभराची ‘नीट’ परीक्षा आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात जायचे तर दहावीचे गुण पाहतात. आपल्या भागातली कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथे मुख्यतः बारावीच्या गुणांवर काम चालते.

गुणवत्ता यादी लावताना गुण पाहतात, प्रवर्ग पाहतात, कागदपत्रे पाहतात. तुमच्या मुलीने उन्हाळ्यात कोणते शिबिर केले, हे त्या यादीत कुठेच येत नाही. अठरा हजारांच्या प्रमाणपत्राला तिथे एकही गुण नाही.

काही गोष्टींना नियमाने थोडा आधार आहे, तो मात्र खरा. दहावीला खेळ, चित्रकला, लोककला यांतल्या प्राविण्याबद्दल ठरलेले सवलतीचे गुण मिळतात. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलामुलींना सातबाऱ्याच्या आधारे अधिभार मिळत आला आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. आणि पत्रक घेऊन येणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : “आमच्या मुलीला जिथे जायचे आहे, तिथल्या माहितीपुस्तिकेत तुमच्या प्रमाणपत्राचे गुण कोणत्या पानावर लिहिलेत, ते दाखवा.” पान दाखवता आले नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.

हे खूळ आले कुठून?

अमेरिकेतली बरीच नामांकित विद्यापीठे नुसत्या गुणांवर प्रवेश देत नाहीत. मुलाने काय काम केले, कुठे पुढाकार घेतला, हे अर्जात लिहून मागतात, निबंध लिहायला लावतात. आपल्याकडची काही मोजकी खासगी विद्यापीठेही अलीकडे अशी पद्धत वापरतात. त्यावरून उन्हाळी शिबिरांचा बाजार उभा राहिला.

पण तिथेही पैसे भरेल त्याला घेणाऱ्या शिबिराला फारसे वजन नसते. जिथे पुष्कळांतून निवडून थोड्यांना घेतात, त्याला वजन असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ ही शाळकरी मुलांची उन्हाळी संशोधन शाळा १९८४ पासून चालू आहे. निवड फार कडक, आणि निवड झालेल्या मुलाकडून शिकवण्याचे किंवा राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत.

बियाण्याचेही असेच आहे. पिशवीवर टपोऱ्या दाण्यांचे चित्र आहे म्हणून आपण पेरत नाही. सोयाबीनचे शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि पाच-सात दिवसांनी मोड मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरतो. मग लेकराच्या बाबतीतच नुसत्या चित्रावर विश्वास का ठेवावा?

माझी चूक

तुम्ही म्हणाल, साहेबाला बोलायला काय जाते! म्हणून माझ्याच घरातले सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा मुलगा बारावीला जाणार होता. मीही असेच पत्रक पाहून त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला धाडले. चौदा हजार रुपये गेले. सोनेरी काठाचे प्रमाणपत्र आले, आम्ही त्याला प्लास्टिकचे वेष्टण घातले.

त्याच उन्हाळ्यात जात पडताळणीचा अर्ज करायचा होता. ‘करू पुढच्या महिन्यात’ म्हणत मी तो लांबवला. पुढे प्रवेशाच्या वेळी कागदपत्रे तपासणाऱ्या बाईंनी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र न वाचताच परत दिले आणि विचारले, “वैधता प्रमाणपत्र कुठे आहे?” ते मुदतीत मिळाले नाही. राखीव जागेवरचा त्याचा हक्क गेला. खुल्या गटातून दूरच्या महाविद्यालयात जावे लागले आणि फीही जास्त पडली. मुलगा मला कधी काही बोलला नाही. पण चूक माझीच होती. जन्मभर शेतकऱ्यांना ‘वेळेवर पेरा’ सांगणाऱ्या माणसाने घरची पेरणी चुकवली.

म्हणून हात जोडून सांगतो, बारावीचे वर्ष सुरू होताच जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सातबारा यांतले तुम्हाला जे लागू असेल ते एका पिशवीत जमा करा आणि प्रत्येकाची मुदत पाहा.

मुलींच्या आईबापांनी तर हे विसरूच नये. २०२४-२५ पासून शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट अशी, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. उत्पन्नाचा एक दाखला इथे त्या सोनेरी काठापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

मग पुढारपण शिकूच नये का?

अवश्य शिकावे. पण ते प्रवेशासाठी नव्हे, जन्मासाठी शिकावे, आणि त्याला अठरा हजार लागत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. महाविद्यालयात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे खेड्यातले शिबिर असते. राष्ट्रीय छात्रसेनाही आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत कित्येक पिढ्यांची मुले कुदळ-फावडे हाती घेऊन शिकून आली.

सैन्यात अधिकारी व्हायचे असेल, तर तिथे नेतृत्वगुण खरोखर तपासतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पाच दिवसांची निवड चाचणी असते. पण तिथेही हातातला कागद पाहत नाहीत. गटात काम देतात आणि तुम्ही कसे वागता ते पाहतात. त्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून मुलांसाठी चालू आहे, आणि २०२३ पासून नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था झाली आहे.

हे सगळे ऐकून ती मुलगी पहिल्यांदाच बोलली. “पण काका, मला चारचौघांत बोलताच येत नाही. त्यासाठी जायचं होतं मला.”

तिचे खरे दुखणे हे होते. प्रमाणपत्र तिला नकोच होते. मी म्हटले, “बाई, मे महिन्यात आमची महिलांची शेतीशाळा आहे. उगवण चाचणी तू करून दाखव.”

त्या दिवशी वीस-पंचवीस बाया जमल्या होत्या. पहिले दहा दाणे मोजताना तिचा हात कापत होता. तेवढ्यात एक आजीबाई म्हणाली, “मोठ्यानं बोल ग माय, मला ऐकू येईना.” ती मोठ्याने बोलली. शेवटी एकीने विचारले, साठ-पासष्टच उगवले तर काय करावे? क्षणभर थांबून तिने उत्तर दिले, “बियाणं थोडं वाढवून पेरायचं, मावशी.” उत्तर बरोबर होते.

हळद त्यांनी तेव्हा मोडली नाही. त्यातले थोडे पैसे सीईटीच्या पुस्तकांना लागले. जात पडताळणीचा अर्ज जूनमध्ये, पेरणीच्या आधी गेला. पोच घेतली का, हे मी दोनदा विचारले.

तुमच्या घरी यंदा बारावीचे लेकरू असेल, तर तुम्हीही त्या पिशवीतले कागद आज संध्याकाळी एकदा काढून पाहा.