साखळी टाका
साखळी टाका : भरतकामातील एक मूलभूत व शोभिवंत टाका. दोऱ्याचे लहान फासे एकात एक गुंतवीत गेल्याने कापडाच्या दर्शनी बाजूवर साखळीच्या कड्यांसारखी ओळ उमटते; त्यावरून हे नाव पडले. मागील बाजूस मात्र टिपेसारखी साधी रेघ दिसते. प्रत्येक फासा पुढील फाशाच्या आधाराने जागी राहतो. या टाक्याचे गुण व दोष या एकाच रचनेतून उद्‌भवतात.

कृती : सुई कापडाच्या खालून वर काढून दोरा डाव्या अंगठ्याने दाबून धरतात. सुई पुन्हा त्याच छिद्राजवळ खाली घालून ३-४ मिमी. पुढे, फाशाच्या आतून वर काढतात व दोरा हलकेच ओढतात. दोरा अधिक ताणल्यास कड्या मिटतात व कापडास चुण्या पडतात. शेवटच्या फाशावर आडवा टाका घालून तो बंद करतात. फासा असा एकेकटा बंद केल्यास सुटी साखळी (लेझी डेझी) होते. ती पाकळ्या व पाने यांसाठी वापरतात. उघडी साखळी, दुरंगी साखळी इ. अन्य प्रकार आहेत. टाक्यागणिक दिशा किंचित बदलता येत असल्याने वेली, अक्षरे व बाह्यरेषा यांसाठी हा टाका सोयीचा ठरतो. लगतच्या ओळींनी आकृती भरूनही काढतात.

इतिहास : चीनमधील हूबे प्रांतातील माशान येथील थडग्यात साखळी टाक्याने भरलेली इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतील रेशमी वस्त्रे सापडली आहेत. भारतात कच्छचे मोची कारागीर चामड्यावरील भरतकामाची आकडीदार आरी रेशमी कापडावर वापरू लागले. काश्मीरमध्येही अशाच आकडीने शाली, गालिचे व नमदे भरतात. या पद्धतीत दोरा कापडाखाली असतो व आरी त्याचा फासा वर ओढून घेते. प्रत्येक टाक्यास संपूर्ण दोरा ओढावा लागत नसल्याने काम झपाट्याने होते. अठराव्या शतकात यूरोपातही ताणलेल्या कापडावर आकडीने भरण्याची पद्धत रूढ झाली.

यंत्रशिलाई : बार्तेलमी तिमॉन्ये या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये एकस्व घेतलेले शिवणयंत्र आकडीदार सुईने साखळी टाकाच घालीत असे. बेकारीच्या भीतीने शिंप्यांच्या जमावाने १८३१ मध्ये पॅरिस येथील त्याची यंत्रे मोडून टाकली. एकदोरी साखळी शिवणीचा मुख्य दोष असा, की शेवटचा फासा मोकळा झाल्यास सबंध शिवण सरसर उसवते. अमेरिकेतील इलायस हौ याने १८४६ मध्ये एकस्व घेतलेल्या यंत्रात दोन दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकत असल्याने हा धोका टळला, व कपड्यांच्या शिलाईत तशा टाक्यास प्राधान्य मिळाले.

तथापि साखळी टाका यंत्रशिलाईतून नाहीसा झाला नाही. फाशांमुळे शिवणीस ताण सोसण्याची लवचिकता येते. म्हणून जीन्ससारख्या जाड कपड्यांच्या शिवणींत दोन दोऱ्यांचा साखळी टाका वापरतात. धान्याच्या व सिमेंटच्या पोत्यांची तोंडे एकदोरी साखळीने शिवतात : योग्य टोक ओढताच पोते मोकळे होते. वस्त्रात जो दोष, तोच येथे गुण ठरतो. हाताने भरलेल्या वस्त्रात मात्र प्रत्येक ओळीचा शेवट पक्का करणे आवश्यक असते. त्यावरच साऱ्या साखळीचा टिकाऊपणा अवलंबून असतो.