कळमन्याची संत्री आणि ऊष्मागतिकीचे पाठ

मार्च महिना उजाडला की नागपूरच्या कळमना बाजार आवारात मृग बहराच्या संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांतून आलेल्या गाड्या रित्या होतात, लिलाव पुकारले जातात आणि ऊन चढण्याच्या आत माल मार्गी लागावा म्हणून शेतकरी, अडते व हमाल यांची एकच धावपळ उडते. दुपारपर्यंत पडून राहिलेल्या मालाची टवटवी जाते आणि तिच्यामागोमाग भावही उतरतो.

त्याच शहराच्या पश्चिम भागात, १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्था म्हणून उभे आहे. कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली साकारलेली तंत्रशास्त्र संस्थाही त्याच बाजूस आहे. यांसारख्या संस्थांतून अभियांत्रिकीचे पदव्युत्तर विद्यार्थी ‘प्रगत ऊष्मागतिकी’ नावाचा विषय अभ्यासतात. संत्र्याचा ढीग आणि हा विषय यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न सामान्य वाचकास पडणे स्वाभाविक आहे. खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा तो प्रश्न खुद्द विद्यार्थ्यालाही पडत नाही.

पदवीच्या वर्गात विद्यार्थी शिकतो की ऊर्जा निर्माण होत नाही व नष्टही होत नाही. पदव्युत्तर वर्गात त्याला त्याहून कठीण सत्याला सामोरे जावे लागते. ऊर्जा टिकून राहिली तरी तिची योग्यता टिकत नाही. उकळत्या पाण्यातील उष्णता खोलीभर पसरली म्हणजे ती कोठे नाहीशी होत नाही. पण तिच्याकडून काम करवून घेण्याची शक्यता मात्र जवळजवळ संपते. क्लाउसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली ‘एंट्रॉपी’ हे नाव रूढ केले, ते हीच झीज मोजण्यासाठी. पुढे १९५६ साली झोरान रांट यांनी ऊर्जेतील उपयोगी पडू शकणाऱ्या भागाला ‘एक्सर्जी’ असे नाव दिले. भोवतालच्या परिस्थितीशी समतोल होईपर्यंत एखाद्या वस्तूकडून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल, याचा तो हिशेब होय. भोवताल बदलला की हा हिशेबही बदलतो. म्हणूनच हा विषय प्रत्येक गावी थोडा निराळा असावयास हवा.

प्रत्यक्षात तो सर्वत्र सारखाच शिकविला जातो. आंशिक विकलनांची समीकरणे फळ्यावर मांडली जातात, विद्यार्थी ती उतरवून घेतो, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवतो आणि परीक्षा आटोपताच वही बंद करतो. उदाहरणांतील भोवतालचे तापमान बहुधा २५ अंश सेल्सिअस धरलेले असते. मे महिन्यातील नागपूरकराला हा आकडा वाचून हसू यावे! कारण येथे त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास उतरते.

आता हेच आकडे घेऊन कळमन्याकडे वळावे. झाडावरून तोडलेले संत्रे निर्जीव नसते. ते श्वसन करते आणि स्वतःची उष्णता निर्माण करते. तापमान १० अंशांनी वाढले की फळांच्या श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. शिवाय कोरडी हवा सालीतील पाणी शोषून घेते. फळ सुकते आणि त्याचे वजनही घटते. फळ टिकवावयाचे तर ते लवकर थंड केले पाहिजे आणि त्याभोवतीची हवा दमट ठेवली पाहिजे.

यासाठी शीतगृहे आहेत. तथापि शीतगृह म्हणजे आतील उष्णता उचलून बाहेरच्या अधिक उष्ण जगात टाकणारे यंत्र. आतील शीतक शून्य अंशावर उकळतो आणि बाहेर केवळ ४४ अंशांच्या हवेने थंड होण्यासाठी तो ५५ अंशांवर घनरूप नव्हे, तर द्रवरूप व्हावा लागतो, असे समजू. केवळ तापमानांवरून काढलेल्या आदर्श हिशेबाप्रमाणे विजेच्या एका एककामागे उष्णतेची जास्तीत जास्त ५ एकके उचलता येतील. हाच शीतक पाण्याच्या बाष्पीभवनाच्या साहाय्याने थंड केला, तर तो ३५ अंशांवर द्रवरूप होऊ शकेल. कारण अशा कोरड्या हवेत ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक २३-२४ अंशच दाखवितो. मग एका एककामागे ७.८ एकके उचलता येतील. प्रत्यक्ष यंत्रे या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतात हे खरे. पण आदर्श हिशेबात विजेची गरज एक तृतीयांशाहून अधिक घटते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या कोरड्या हवेस वैदर्भीय माणूस शाप समजतो, तीच येथे संपत्ती ठरते. घरोघरी खिडकीत घरघरणारा कूलर याच संपत्तीवर चालतो.

यावर पाण्याचा आक्षेप येईल आणि तो रास्तच आहे. १०० किलोवॉट उष्णता बाष्पीभवनाने बाहेर टाकावयाची तर ताशी सुमारे १५० लिटर पाणी उडून जाते. उन्हाळ्यात वीज वाचविण्यासाठी पिण्याचे पाणी खर्चावे काय? परंतु नागपूरनेच या प्रश्नाचे एक उत्तर दिलेले आहे. भांडेवाडी येथे शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविण्याची व्यवस्था झालेली आहे. असे पाणी शीतगृहांच्या कामी कितपत यावे, त्यातील क्षारांनी यंत्राचे काय व्हावे, वीज आणि पाणी यांचा मेळ कोठे बसावा, हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकेल.

लहान शेतकऱ्याला शीतगृहाचे भाडे परवडतेच असे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेला ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ त्याच्यासाठीच आहे. विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये वाळू आणि त्या वाळूवर शिंपडलेले पाणी, एवढेच त्याचे साहित्य. त्यात फळ थंड राहते आणि दमट हवेमुळे सुकतही नाही. पावसाळ्यात मात्र हवा आधीच ओली असल्याने त्याचा प्रभाव ओसरतो. तो केव्हा उपयोगी आणि केव्हा निरुपयोगी, हे सांगण्यासाठी पुन्हा ऊष्मागतिकीच लागते.

काही अध्यापक म्हणतील की उच्च शिक्षणाला बाजाराच्या दावणीला बांधू नये. या विषयाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली आपले छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढे वाफेच्या यंत्राचा अगदी व्यावहारिक प्रश्न होता : दिलेल्या उष्णतेतून अधिकात अधिक काम किती मिळेल? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता तो निसर्गाच्या एका मूलभूत नियमाच्या उंबरठ्याशी पोहोचला. १८३२ साली वयाच्या ३६ व्या वर्षी पटकीने त्याचा अंत झाला. त्याच्या विचाराची थोरवी जगाला नंतर कळली. व्यवहारातून सिद्धांत जन्मास आला, त्यामुळे सिद्धांताला कमीपणा आला नाही.

तेव्हा अपेक्षा फार मोठी नाही. पदव्युत्तर वर्गाने वर्षातून चार दिवस कळमन्यात घालवावेत. पहाटे आणि दुपारी फळाच्या ढिगात तापमापक खुपसावा. एखाद्या शीतगृहाच्या विजेचा, पाण्याचा व उचललेल्या उष्णतेचा हिशेब मांडावा. आणि तो हिशेब अडत्याला व शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहून द्यावा. जो विद्यार्थी आपले समीकरण गावाकडच्या बापाला समजावून सांगू शकतो, त्याला ते खरोखर समजलेले असते.

ऊर्जेची योग्यता वापराविना वाया जाते, हा या शास्त्राचा धडा आहे. शहराच्या एका टोकाला ज्ञान साठून राहावे आणि दुसऱ्या टोकाला फळ नासावे, ही झीजही त्याच जातीची आहे. मात्र निसर्गातील झीज अटळ असते. ही टाळणे माणसांच्या हाती आहे.